साक्षीदार नसलेली जोडी

मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली बावीस नंदुरबारात. या काळात माझ्या हाताखालून किती मुलं गेली याचा हिशेब माझ्याकडे आहे, पण तो वाचून कोणाची दिवाळी गोड होणार नाही. त्यापेक्षा या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ती बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते, आणि तिच्यामुळे माझ्या हातून एक मोठी चूक झाली.

इंग्रजी अवघड असतं ते व्याकरणामुळे नव्हे. व्याकरण चार वर्षांत येतं. अवघड असतं ते हे, की कोणता शब्द कोणाबरोबर नांदतो. आपल्याकडे थंडी वाजते, ताप चढतो, भूक लागते, मार खातात आणि शपथ घेतात. थंडी का वाजते आणि भूक का वाजत नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. त्या जोड्या तशाच जुळलेल्या असतात. माझ्या वर्गातल्या एका मुलानं निबंधात लिहिलं होतं की त्याचे आजोबा रोज दहा विड्या पाण्यासारख्या पितात. आमच्याकडे बोलीत विडी पितातच, त्यानं इंग्रजीतही पाजली. दुसऱ्यानं पहाटेची थंडी घंटेसारखी वाजवली. दोघांचं व्याकरण बिनचूक होतं. मी दोघांनाही दहापैकी तीन गुण दिले. आज वाटतं, पाच द्यायला हवे होते.

यासाठी मी एक वही ठेवली होती. तिला घरात 'जोडवही' म्हणत. वर्तमानपत्रात, पुस्तकात, सरकारी कागदात जी इंग्रजी जोडी दिसे ती मी टिपून घेई. पण एकदा दिसली म्हणून वहीत घ्यायची नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली सापडली, तरच घ्यायची. मी त्यांना तीन साक्षीदार म्हणत असे. छापणाराही चुकतो, साहेबही चुकतो, पण तिघे एकच चूक सहसा करत नाहीत. या नियमानं वहीत सहाशे अकरा जोड्या जमल्या होत्या, तेव्हाची ही हकीकत.

त्या काळात चिनी रेशीमवाले खानदेशात हिंडत. पाठीवर गाठोडं, हातात कापड मोजायचा लोखंडी गज, पायात कापडी जोडे. त्यांतला लिऊ नावाचा एक पस्तिशीचा माणूस नंदुरबारात खोली घेऊन राहिला होता. तिथून तो शहादा, प्रकाशा, तळोदा, नवापूर असा पायी फिरे. प्रकाशाला यात्रेकरू येत तेव्हा चार दिवस घाटावर बसे. बाजारात राहून राहून तो अहिराणी इतकी सरळ बोले की पाठमोरा असला तर पाटलाचा पाहुणा वाटावा. माझ्या ओट्यावर तो पहिल्यांदा आला तो रेशीम विकायला. आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, गाठोडं सगळं उलगडायला लावलं आणि काही घेतलं नाही. तो गाठोडं बांधता बांधता मला म्हणाला,

"मास्तर, माले इंग्रजी शिकाडा."

"कसाले?"

"कलकत्ताना कागद वाचाले. दुसरा वाचस, त्याले सगळं समजस, माले नही."

त्याचा माल कलकत्त्याच्या ज्या दुकानातून येई, तिथली पत्रं इंग्रजीत असत. ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत, याचा त्याला संताप होता. मला ही मागणी आवडली. दर रविवारी सकाळी दोन तास ठरले.

मुळाक्षरं आणि थोडी वाक्यं तो कलकत्त्याला शिकला होता. अडायचं ते जोड्यांपाशी. त्याच्या इंग्रजीत माणूस औषध खायचा, पुस्तक पाहायचा, चहा दाट प्यायचा आणि विजेचा दिवा दारासारखा उघडायचा. मी चिडलो की तो शांतपणे सांगे, "आमना मुलुखमा असंच म्हणतस." मग मी वहीत तीन रकाने पाडले. पहिल्यात चिनी माणूस काय म्हणतो, दुसऱ्यात खानदेशी काय म्हणतो, तिसऱ्यात इंग्रज काय म्हणतो. लिऊनं उलगडून सांगितलेल्या पहिल्या शंभर जोड्यांत एकतीस ठिकाणी चिनी आणि खानदेशी एका बाजूला निघाले आणि इंग्रज एकटा दुसऱ्या बाजूला. आम्ही मोठा पाऊस म्हणतो, तेही मोठाच म्हणतात. इंग्रजाला तो जड लागतो, 'हेवी' म्हणतो. आम्ही वाट चालतो, तेही वाट चालतात. इंग्रज वाटेवरून चालतो. मी ही बेरीज लिऊला दाखवली. तो म्हणाला, "मंग साहेबलेच शिकाडा ना, मास्तर. आपण दोन जण शेतस, तो एकला शे." हा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता.

दोन वर्षं असं चाललं. तो आपली पत्रं आपण वाचू लागला. एका पत्रात मालाच्या हिशेबातल्या दोन चुका त्यानं स्वतः पकडल्या. त्या दिवशी त्यानं आमच्याकडे बोरांची पाटी आणली.

मग महायुद्धाची लढाई पूर्वेकडे आली आणि परदेशी माणसांची चौकशी सुरू झाली. हुकूम असा आला की लिऊनं अर्ज करावा. तो कोण, कुठे कुठे फिरतो, कशासाठी फिरतो, हे सगळं लिहून द्यावं आणि जिल्ह्याच्या साहेबांचा मुक्काम नंदुरबारच्या बंगल्यावर असेल तेव्हा हजर व्हावं. साहेबांचं समाधान झालं तर इथे राहून धंदा करता येईल. नाही झालं तर जिल्ह्याबाहेर, जिथे अशा लोकांना पहाऱ्यात ठेवत तिथे पाठवतील.

लिऊनं अर्ज स्वतः लिहून आणला. चौदा वाक्यं होती. मी तांबडी पेन्सिल घेऊन बसलो आणि तेरा वाक्यं दुरुस्त केली. अकराव्या वाक्यापाशी थांबलो. त्यानं लिहिलं होतं, की दर वर्षी चैत्राच्या सुमाराला मी खांडबाऱ्याला जातो आणि थोरल्या भावाचं थडगं झाडतो.

त्याचा भाऊ मला ऐकून ठाऊक होता. दोघे मिळून या मुलुखात आले. पहिल्याच वर्षी खांडबाऱ्याजवळ भावाला हिवताप झाला आणि तो तिथेच गेला. तिथल्या एका कोकणी जमातीच्या शेतकऱ्यानं आपल्या बांधाजवळ जागा दिली. चिनी लोकांत रिवाज असा, की वसंतात वडीलधाऱ्यांच्या थडग्यावर जायचं, ते झाडून काढायचं, भात ठेवायचा. हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं मला म्हणता येत नाही.

मी म्हणालो, "लिऊभाऊ, इंग्रजीत थडगं झाडत नाहीत. जमीन झाडतात, खोली झाडतात. थडग्याला भेट देतात."

"पण मी झाडस ना."

"तू झाडतोस. पण 'स्वीप' आणि 'ग्रेव्ह' ही जोडी मला एकाही ठिकाणी दिसलेली नाही. साक्षीदार नाही."

मी दोन संध्याकाळ पुस्तकं उलटली. अकरा पुस्तकं आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. साक्षीदार मिळाला नाही. शिवाय मला वाटलं, साहेबापुढे मढ्याबिढ्याच्या गोष्टी कशाला. अर्ज आटोपशीर हवा. वहीत तीन साक्षीदारांची एक तयार जोडी होती, 'ऑन बिझनेस'. मी लिहिलं, दर वर्षी मी कामधंद्यानिमित्त खांडबाऱ्यास जातो. वाक्य गुळगुळीत झालं. लिऊनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मास्तर लिखतस ते बरोबरच ऱ्हाई." मग स्वतःच्या अक्षरात नक्कल केली.

शब्दाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस वस्तुस्थितीच्या बाबतीत धडधडीत खोटं लिहून मोकळा झाला आणि त्याला त्या रात्री छान झोप लागली. तो माणूस मी.

साहेब इंग्रज होता. शेजारी फौजदार उभा. मी बंगल्याच्या पडवीत बाकावर बसलो होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत देतो. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"हो."

"छान इंग्रजी आहे. माझ्या कारकुनाचं इतकं चांगलं नाही." मग थोडा वेळ कागद फडफडला. "खांडबाऱ्याला तुझा कामधंदा काय?"

लिऊ म्हणाला, "काही नाही."

"इथे लिहिलंय कामधंदा."

लिऊनं अर्जाकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि मी लिहिलेलं खोटं पाडायचंही नव्हतं. फौजदारानं मधे सांगितलं की खांडबाऱ्याच्या बाजारात चौकशी केली आहे, या माणसाकडून चैत्रात तिथे कोणी हातभर रेशीमही घेतलेलं नाही. बाजाराचा दिवस सोडून येतो, गाठोडं नसतं, गावाबाहेर शेतात जातो, परत जातो. दर वर्षी.

साहेब म्हणाला, "इतकं चांगलं इंग्रजी लिहिणारा माणूस गाठोडं घेऊन डोंगरात का फिरतो, हा मला आधीच प्रश्न होता. आता दोन प्रश्न झाले." पंधरा दिवसांनी पुन्हा हजर व्हायचं, तोवर नंदुरबार सोडायचं नाही, असा हुकूम झाला.

त्या वेळी मी उठून आत जायला हवं होतं. मी गेलो नाही. सरकारी अनुदानाच्या शाळेतला मास्तर, संशयित परदेशी माणसाचा अर्ज लिहून देणारा, पुढे काय होईल याची गणितं मी बाकावर बसून करत होतो. ती गणितं होईपर्यंत लिऊ बाहेर आला होता.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आमची मंडळी पोळपाटावरून नजर न काढता म्हणाली, "तुम्हीच लिखेल शे ना? मंग निस्तरा तुम्हीच."

मी निस्तरायला बसलो, म्हणजे माझ्या पद्धतीनं. दुसरा अर्ज लिहायला घेतला. तीन पानी, मुद्देसूद, माझ्या सहीचा खुलासा जोडून. सकाळी लिऊ आला तेव्हा मी त्याला वाचून दाखवू लागलो. त्यानं पहिल्या पानावरच हात ठेवला.

"नको, मास्तर. आते मी बोलसू. चुकसू, पण मी बोलसू."

"साहेब चुका काढेल."

"काढू दे. चुका मन्ह्या शेतस."

मी अठ्ठावीस वर्षांत पुष्कळ हुशार विद्यार्थी पाहिले. इतका ठाम विद्यार्थी दुसरा पाहिला नाही. मी ती तीन पानं बाजूला ठेवली.

चौदा दिवस आम्ही रोज सकाळी सहा ते साडेसात बसलो. नियम एकच होता. जे वाक्य लिऊला स्वतःहून जुळवता येत नाही ते टाकायचं, मग ते कितीही सुंदर असो. सुरुवातीला बासष्ट वाक्यं होती. पाचव्या दिवशी चाळीस उरली, नवव्या दिवशी तेवीस. जाणाऱ्या प्रत्येक वाक्याबरोबर माझा जीव तुटे, कारण ती सगळी माझी होती. मी साहेब व्हायचो आणि उलटसुलट विचारायचो. आमची मंडळी चहा घेऊन दारात उभी राही. एकदा म्हणाली, "अहो, साहेब इतकं गोड बोलस का? जरा डोया वटारा." मी डोळे वटारले. लिऊ हसला आणि उत्तर विसरला. "दखा," ती म्हणाली, "पहिले तुम्ही त्याना पोपट करेल शे, आते त्याले माणूस होवाले टाइम लागी."

अकरावं वाक्य त्यानं पुन्हा जसंच्या तसं आणलं. थडगं झाडतो.

मी म्हणालो, "साक्षीदार अजूनही नाही."

तो म्हणाला, "शेतस साक्षीदार. खांडबारामा."

वहीच्या बाहेरही साक्षीदार असतात हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. लिऊला गाव सोडायला बंदी होती. मला नव्हती. मधल्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं खांडबाऱ्याला उतरलो.

पहिला साक्षीदार स्टेशनवरच भेटला. तिथला हमाल. चिनी माणूस म्हणताच म्हणाला, "तो फडावाला, झाडणारा? दर साल माझ्याकडून पाणी भरून घेतो. या साली आला नाही." त्यानंच वाट दाखवली.

शेतकऱ्याचं नाव वेस्ता. म्हातारा, अंगानं बारीक, कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडी. त्याची बोली कोकणी, माझी अहिराणी. दोघांनी थोडं थोडं पुढे सरकून मधे भेटायचं, असं आमचं बोलणं झालं. थडगं बांधाजवळ एका मोहाच्या झाडाखाली होतं. मातीचा उंचवटा, भोवती दगड. चैत्राचे दिवस, मोहाची फुलं गळायची वेळ. वेस्ताची सून झाडाखालची जागा झाडत होती. जमीन स्वच्छ असली म्हणजे पहाटे गळालेली फुलं वेचता येतात. तिनं सगळं झाडलं होतं, थडगं तेवढं सोडून. त्याच्यावर सागाची वाळकी पानं साचली होती.

मी तिला विचारलं, "हे का सोडलं?"

ती म्हणाली, "ते त्याचं काम. तो येईल ना."

वेस्तानं विचारलं, "मेला का तो?"

"नाही. माझ्या चुकीनं अडकला आहे." आणि मी सगळं सांगितलं. अर्ज, कामधंदा, फौजदार. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मी कागद काढला. तो दर वर्षी येतो, झाडतो, भात ठेवतो, तुमच्या घरी जेवतो आणि जातो, एवढं लिहिलं, वाचून दाखवलं. वेस्तानं अंगठा दिला, सुनेनं दिला. हमालाचा मी जाताना घेणार होतो. म्हणजे तीन पुरे होणार होते. मी कागदाची घडी घातली आणि निघायला वळलो.

वेस्तानं सुनेच्या हातातला शिंदीचा फडा घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"तुझ्या चुकीनं अडकला म्हणतोस ना. मग तू झाड."

मी शेतकरी घरातला, जमीनजुमला असलेल्या घरातला. शाळेत मास्तर. जन्मात फडा धरलेला नव्हता, आणि दुसऱ्याच्या मेलेल्या भावाच्या मातीवर तर नाहीच. पण नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. मी टोपी काढली, उपरणं कमरेला बांधलं आणि झाडायला लागलो. पानं बरीच होती. अर्धा तास लागला. सून बाजूला बसून बघत होती आणि मधून मधून बोट दाखवत होती. मग तिनं घरून पळसाच्या पानावर भात आणून ठेवला. आम्ही थोडा वेळ बसलो.

घरी आलो तेव्हा हाताला फोड आले होते. मंडळींनी हळद लावली. म्हणाली, "घरमा कधी फडा धरा नही, नि तठे जाईसन झाडी उनात." पण आवाजात टोमणा कमी होता.

लिऊला सांगितलं तेव्हा त्यानं माझे हात हातात घेऊन पाहिले. मग म्हणाला, "चला, मास्तर. साहेब व्हा. विचारा."

पंधराव्या दिवशी या खेपेला मी पडवीत बसलो नाही. आत दाराशी उभा राहिलो. साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न केला. खांडबाऱ्याला तुझा कामधंदा काय?

लिऊ सरळ उभा होता. त्याचं इंग्रजी त्या दिवशी अडखळत होतं, पण थांबत नव्हतं. "कामधंदा नाही, साहेब. तो शब्द माझा नाही. माझा भाऊ तिथे पुरला आहे. मी दर वर्षी त्याचं थडगं झाडतो."

"झाडतोस?"

"आमच्यात झाडतात. घरी वडिलांचं थडगं आहे, ते आता कोणी झाडत नाही. तिकडे लढाई आहे. इथे भावाचं आहे. मी गेलो तर हेही कोणी झाडणार नाही."

"या वर्षी?"

"या वर्षी मला बंदी होती. या वर्षी मास्तरांनी झाडलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे गेलो आणि अंगठ्यांचा कागद ठेवला. अर्ज मीच दुरुस्त केला, कामधंदा हा शब्द माझा आहे, तो खोटा आहे, हे सांगितलं. हे वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो.

"तुम्हाला खरं ठाऊक होतं?"

"होतं."

"मग का बदललंत?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "'स्वीप' आणि 'ग्रेव्ह' हे शब्द मला कुठे एकत्र सापडले नाहीत, साहेब."

"किती ठिकाणी शोधलंत?"

"अकरा पुस्तकं आणि दोन वर्षांची वर्तमानपत्रं."

साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी वेडा आहे की बेरकी, हे तो ठरवत असावा. मग त्यानं अर्ज पुढे ओढला, अकराव्या वाक्यातला माझा 'बिझनेस' एका रेघेनं खोडला आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं, भावाचं थडगं झाडण्यासाठी. खाली सही केली. लिऊला राहायची परवानगी मिळाली. आठवड्यातून एकदा फौजदाराकडे हजेरी, आणि वर्षातून एकदा खांडबाऱ्याला जायची मुभा. मला मिळाली ती ताकीद, परक्याच्या अर्जात आपलं डोकं घालू नये. ती मी तंतोतंत पाळली आहे. पुढे मी कित्येकांचे अर्ज तपासले, पण माणूस काय म्हणतो ते आधी विचारतो आणि पेन्सिल मागून काढतो.

त्या संध्याकाळी जोडवहीत सहाशे बारावी जोडी लिहिली. साक्षीदारांच्या रकान्यात हमाल, वेस्ता आणि त्याची सून. साहेबाचं नाव मी चौथं घातलं. नियमानं त्याची गरज नव्हती.

लढाई संपल्यावर लिऊ कलकत्त्याला आणि तिथून आपल्या मुलुखाला गेला. वडिलांचं थडगं आधी बघतो म्हणाला. एक पत्र आलं, त्यात सगळ्या जोड्या बरोबर होत्या, फक्त औषध तेवढं खाल्लेलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. त्यानंतर पत्र नाही.

जाताना त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तरी चैत्रात मी सकाळच्या गाडीनं खांडबाऱ्याला उतरतो. तो गेल्यापासून एकही साल चुकलेलं नाही. वेस्ता आता नाही. फडा सून देते. यंदा तिनं विचारलं, "तो येईल का?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही."

तिनं थडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग नीट झाडा, मास्तर. दगडांच्या कडेचं राहतं तुमचं दर साली."

मी वाकून पाहिलं. राहिलं होतं. मी पुन्हा फडा हातात घेतला.